ब्रॅम्प्टन-मिसिसॉगात घरगुती फराळाचा धंदा: इथल्या सरकारी मदतीचा नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात नव्याने आलेल्या माणसाला धंद्यासाठी मदत भरपूर मिळते आणि बरीचशी फुकट मिळते. अडतं ते क्रमावर. बहुतेक जण आधी नाव नोंदवतात, लोगो करून घेतात, पिशव्या छापून आणतात आणि सगळ्यात शेवटी आरोग्य खात्याला फोन लावतात. खाण्याच्या धंद्यात तो फोन पहिला हवा.

त्याच्याही आधी स्वतःचं वर्क परमिट नीट वाचा. त्यावर एकाच कंपनीचं नाव असेल, तर स्वतःचा धंदा करता येत नाही, मग चकल्या शनिवार-रविवारीच का विकेनात. ओपन वर्क परमिटवर, म्हणजे ज्यावर कुठल्याच कंपनीचं नाव नसतं त्यावर, चालतं. पण कॅनडातल्या कामाच्या अनुभवावर चालणाऱ्या कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लासमधून पीआर (कायमचं रहिवासीपण) घ्यायची असेल, तर स्वतःच्या धंद्यातला अनुभव त्यात धरत नाहीत. नोकरी सोडून पूर्णवेळ फराळात उतरण्याआधी हे माहीत असायलाच हवं. धंद्याचा सल्ला देणारी माणसं हे आपणहून सांगत नाहीत, कारण इमिग्रेशन त्यांच्या कामात येत नाही.

सगळ्यात जास्त उपयोग होतो तो पील पब्लिक हेल्थचा, म्हणजे ब्रॅम्प्टन-मिसिसॉगाच्या आरोग्य खात्याचा. घरगुती, कमी जोखमीच्या पदार्थांसाठी १ जानेवारी २०२० पासून प्रांताचे नियम सैल झाले: हात धुण्याचं वेगळं सिंक, व्यावसायिक पद्धतीची भांडी धुण्याची सोय आणि फूड हँडलरचं (अन्न हाताळणाऱ्याचं) प्रशिक्षण या अटी त्यांना लागू नाहीत. ब्रेड, बिस्किटं, लोणची, जॅम, चहा, सुका मेवा असे फ्रीजबाहेर टिकणारे पदार्थ यात बसतात. उकडीचे मोदक, दहीवडे यात बसत नाहीत. त्यांना तपासणी झालेलं व्यावसायिक किचन लागतं, ते तासावर भाड्याने मिळतं. सवलत मिळाली तरी सुरू करण्याआधी खात्याला कळवणं बंधनकारक आहे आणि निरीक्षक घरी येऊ शकतात.

फोनवर नुसतं "चकली" म्हणून भागत नाही. प्रत्येक पदार्थाची कृती एका कागदावर लिहून द्या: भाजणीत काय काय आहे, तळल्यावर किती वेळ गार करता, कशात भरता, किती दिवस टिकते. शंकरपाळी तूप-साखर-मैद्याची, कोरडी, म्हणून लगेच समजते. ओल्या नारळाच्या करंजीवर प्रश्न येतात, सुक्या खोबऱ्याच्या सारणाला कमी येतात. कागद हातात असेल तर उत्तर नेमकं मिळतं.

लेबलवर सगळ्यात जास्त चुका होतात. कॅनडाच्या ॲलर्जीच्या यादीत शेंगदाणे, दूध, गहू, तीळ यांच्याबरोबर मोहरीही आहे. आपला चिवडा म्हणजे शेंगदाणे आणि मोहरी दोन्ही आले. त्याहून फसवं म्हणजे हिंग. डबीच्या मागे बारीक अक्षरांत पाहा, बऱ्याच बांधानी हिंगात गव्हाचं पीठ असतं. म्हणजे नुसत्या पोह्यांच्या चिवड्यावरही "गहू" लिहावं लागतं. लेबल इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हींत करायची तयारी ठेवा. स्थानिक विक्रीला काही सूट आहे, पण आपल्याला ती लागू होते का हे छापण्याआधी विचारा.

ब्रॅम्प्टन आंत्रप्रेन्योर सेंटर किंवा मिसिसॉगा बिझनेस एंटरप्राइझ सेंटरसारख्या केंद्रांत सल्लागाराबरोबरची भेट मोफत असते. मोकळ्या हाताने गेलात तर माहितीपत्रकं घेऊन परत याल. किलोमागचा हिशेब घेऊन जा: भाजणी, तळताना मुरलेलं तेल, डबा, लेबल, वीज आणि स्वतःचे तास. तास धरले की चकलीचा भाव हमखास वर जातो आणि तिथेच सल्लागाराचा खरा उपयोग होतो. खाद्यकायद्याचं ज्ञान मात्र माणसागणिक वेगळं असतं. त्या बाबतीत शब्द निरीक्षकाचाच धरा. याच केंद्रांतून चालणाऱ्या स्टार्टर कंपनी प्लस योजनेत ५,००० डॉलरपर्यंत अनुदान आहे. त्यासाठी प्रशिक्षण, बिझनेस प्लॅन आणि परीक्षकांसमोर मांडणी करावी लागते, ते सगळ्यांना मिळत नाही आणि ते नागरिक किंवा पीआर असलेल्यांसाठी आहे. अनुदान न मिळताही प्लॅन तपासून मिळतो, मला तोच फायदा मोठा वाटतो.

नवागतांसाठी केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांत जाण्याआधी पात्रता विचारा. तिथल्या बहुतेक सेवा पीआर आणि निर्वासितांसाठी आहेत, वर्क परमिटवाल्यांची खेप फुकट जाते. कोणते परवाने लागतील ते बिझपॅल या सरकारी साइटवर शहर आणि धंदा निवडून कळतं. यादी ढोबळ असते, पण सुरुवातीला पुरे.

नावनोंदणी त्यानंतर. ऑन्टारिओ बिझनेस रजिस्ट्रीवर एकट्याच्या धंद्याचं नाव ६० डॉलरमध्ये ५ वर्षांसाठी नोंदवता येतं. फक्त स्वतःच्या पूर्ण नावाने विकणार असाल तर गरजच नाही. शोधताना वरती येणाऱ्या खासगी साइट याच कामाचे जास्त पैसे घेतात, पत्ता नीट पाहा.

कराचा भाग कुणी समजावत नाही, म्हणून थोडा सविस्तर. सलग चार तिमाहींची विक्री ३०,००० डॉलरच्या वर गेली की एचएसटी (विक्रीवरचा कर) नोंदणी सक्तीची. लोणचं, मसाले, भाजणीचं पीठ यांवर कर शून्य, पण चकली-चिवडा "स्नॅक" म्हणून १३ टक्क्यांत. आणि ३०,००० मोजताना शून्य करवाली विक्रीही धरतात, इथेच लोक चुकतात. स्वतःचा धंदा असेल तर विवरणपत्राची मुदत १५ जून, पण पैसे भरायची ३० एप्रिलच. निव्वळ नफ्यावर सीपीपीचे (सरकारी पेन्शनचे) नोकराचा आणि मालकाचा असे दोन्ही हिस्से, मिळून ११.९ टक्के, आपल्यालाच भरावे लागतात, पहिले ३,५०० डॉलर वगळून. दर विक्रीतून थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाकत जा.

घराचा विमा धंद्याला सहसा लागू होत नाही. घरात तळण करणार असाल तर कंपनीला आधी लेखी कळवा, भाड्याचं घर असेल तर मालकालाही. गणेशोत्सवात किंवा दिवाळीत मंडळाच्या कार्यक्रमात स्टॉल लावायचा असेल, तर घरच्या धंद्यासाठी खात्याला कळवलंय एवढ्यावर भागत नाही. आरोग्य खात्याचा तात्पुरत्या विक्रीचा वेगळा अर्ज असतो. तो काही आठवडे आधी भरा, आणि आयोजकांनी अर्ज केला आहे असं धरून चालू नका.