त्रिशुंड गणपती ते पाताळेश्वर : एका वारसा फेरीविषयी अभिप्राय

पुण्यात रविवारी सकाळी पेठांतून हिंडवणाऱ्या वारसा फेऱ्या आता पुष्कळ झाल्या असून बहुतेकींत वाडा, पेशवे आणि शेवटी मिसळ हा क्रम ठरलेला असतो. मी नुकतीच ज्या फेरीला गेलो तिचा विषय मात्र निराळा, म्हणजे शिल्पातील सौंदर्य पाहता पाहता मन देवाकडे कसे वळते, हा होता. असा विषय हाती घेतला की एक तर प्रवचन तरी होते, नाही तर शैलींची जंत्री. म्हणून शुल्क भरताना थोडी धाकधूक होती. पहिल्या ठिकाणी तरी ती व्यर्थ ठरली.

सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपतीचे मंदिर भीमगिरजी गोसावी यांनी १७५४ साली बांधावयास घेतले आणि ते १७७० मध्ये पुरे झाले. काळ्या पाषाणाच्या दर्शनी भिंतीवर द्वारपाल, मोर, पोपट आणि हत्ती यांची इतकी दाटी आहे की प्रथम पाहणाऱ्याची नजर ठरत नाही. त्यातच गेंड्याला साखळदंडाने जखडणारे गोरे शिपाई आहेत, आणि त्या शिल्पाचा संबंध इंग्रजांनी बंगाल घशात घातल्याच्या घटनेशी लावला जातो. मार्गदर्शक मंडळी एरवी या गेंड्यापाशीच रमतात, आणि ऐकणाऱ्यांनाही तेच हवे असते. आमच्या मार्गदर्शक बाईंनी गेंडा दोन वाक्यांत आटोपला, सर्वांना अंगणात बसवले आणि काही वेळ काहीही न बोलता भिंत पाहू दिली. मग एकेकाला आत सोडले. बाहेरच्या उन्हातील त्या गर्दीनंतर आतल्या मंद उजेडात मोरावर बसलेली, तीन सोंडांची आणि सहा हातांची एकच मूर्ती समोर येते. एक सोंड मोदकपात्राला लागलेली, मधली पोटावर रुळणारी आणि तिसरी डाव्या मांडीवरील शक्तीच्या हनुवटीला स्पर्श करणारी आहे. ती तिसरी सोंड पाहताना माझे हात आपोआप जोडले गेले. तिथवर मी निव्वळ प्रेक्षक होतो. मंदिराखालच्या तळघरात गोसावींची समाधी असून ते गुरुपौर्णिमेला उघडतात, एवढेही बाईंनी जाता जाता सांगितले.

अंगणात परतल्यावर त्यांनी जो मुद्दा मांडला तो मला फेरीतील सर्वांत मोलाचा वाटला. पूजेतील राजोपचारांत छत्र आणि चामर यांच्यासोबत गीत, नृत्य आणि वाद्य हेही देवाला अर्पण करावयाचे असतात. घरी आपण त्या सर्वांच्या बदली अक्षता वाहून मोकळे होतो. म्हणजे कला ही देवाच्या दाराबाहेरची सजावट नसून पूजेचाच भाग आहे, आणि भिंतीवर मोर कोरणाऱ्या पाथरवटाची सेवा गर्भागारातील पुजाऱ्याच्या सेवेहून निराळ्या जातीची मानण्याचे कारण नाही. केवळ सौंदर्य पाहून कोणी भाविक होतो, असे मला वाटत नाही. भिंत पाहून छायाचित्रे काढणारे आणि गाभाऱ्याकडे न फिरकता परतणारे लोक आमच्यातही होते. परंतु ज्याला वळायचे आहे त्याला वळण्याइतकी उसंत सौंदर्य देते, हे खरे.

जवळच्याच नागेश्वर मंदिरात मात्र ही उसंत संयोजकांनी हिरावून घेतली. तिथे बोलण्याचे काम दुसऱ्या स्वयंसेवकाकडे होते आणि त्यांनी सभामंडपातच हातातील ध्वनिवर्धक सुरू केला. प्रदक्षिणा घालणाऱ्या एक आजी आमच्या घोळक्यातून वाट काढत होत्या आणि आम्ही लाकडी खांबांचे वर्णन ऐकत उभे होतो. ज्या फेरीचा विषयच देवदर्शन आहे, तिने दर्शनाला आलेल्यांची अडचण करावी हे न शोभणारे आहे. पंचवीस-तीस माणसे एका लहान देवळात नेणेही चूकच. निम्मी नेली असती तर ध्वनिवर्धकाची गरजच पडली नसती.

तेथून रिक्षांनी जंगली महाराज रस्त्यावर, पाताळेश्वरास. आठव्या शतकातील ही लेणी एकाच कातळात खोदलेली आणि अर्धवट राहिलेली आहे. अंगणातील गोल नंदीमंडप छत्रीसारखा दिसतो. आत जाड, चौकोनी आणि जवळजवळ विनाअलंकार खांब आहेत. त्रिशुंडाच्या दाटीनंतर हा कोरेपणा पाहणे ही योजना उत्तम होती, कारण अलंकारांच्या रेलचेलीने जे साधले तेच इथे नुसता कातळ, सावली आणि खांबांचे प्रमाण यांनी साधते. रस्त्यावरील वाहनांचा गोंगाट आत बराच मंदावतो. इथे पुन्हा त्याच बाई बोलल्या, तेही थोडकेच.

शुल्क थोडे अधिक आहे, तरीही मी ही फेरी सुचवीन. नाव नोंदवताना गटात किती जण असतील आणि बोलणार कोण, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. गुडघेदुखी असणाऱ्यांनी अंगणात बसण्यासाठी छोटी चटई न्यावी, आणि पादत्राणे सहज काढता येतील अशीच घालावीत.