बिलात नवं ऑइल, इंजिनात जुनंच

१०० सीसी गाडीची सर्व्हिसिंग झाली. बिलावर इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, प्लग, एअर फिल्टर, आणि खाली शेरा: ‘चेन सेट संपलाय, पुढच्या वेळी बदला.’ गाडी धुऊन, पॉलिश मारून हातात आली की बिलाकडे कोणी धड बघत नाही. पण पाना आणि गाडीचं मॅन्युअल घेऊन बसलात तर या बिलातली लबाडी ओळीओळीने उघडी पडते.

सगळ्यात निर्लज्ज ओळ ऑइल फिल्टरची. १०० सीसीच्या बऱ्याच गाड्यांत बदलायचा कागदी फिल्टर नसतोच. एक जाळी असते आणि क्रँकच्या टोकाला फिरणारा सेंट्रिफ्यूगल फिल्टर असतो. तो साफ करायला क्लचकडचं कव्हर उघडावं लागतं आणि कव्हरला नवं गॅस्केट (सांध्यातून ऑइल गळू नये म्हणून लावायची पातळ पट्टी) लागतं. ‘ऑइल फिल्टर १ नग’ लिहिलंय, गॅस्केटचा पत्ता नाही, तर आधी मॅन्युअलमध्ये तुमच्या गाडीला फिल्टर आहे का ते पाहा.

ऑइलच्या बाबतीत लबाडी कळायला जड. ड्रेन बोल्ट (जुनं ऑइल काढायचा इंजिनाखालचा बोल्ट) न उघडताच वरून थोडं ऑइल ओततात. रंगावर जाऊ नका: नवं ऑइलही क्लचच्या भुकटीने आणि आतल्या काजळीने लवकर काळवंडतं. पातळी मात्र खोटं बोलत नाही. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर सरळ उभी करा, इंजिन २-३ मिनिटं चालवून बंद करा, तेवढाच वेळ थांबा, मग डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची काडी) पुसून बघा. ती आटे फिरवून बघायची की नुसती टेकवून, हे मॅन्युअल सांगतं. चुकलात तर माप चुकतं. वरच्या खुणेच्या बरंच वर ऑइल असेल तर जुनं न काढताच भर घातल्याचा दाट संशय घ्या. जास्तीच्या ऑइलला फेस येतो, ते ब्रीदर नळीतून (इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर बॉक्समध्ये जातं आणि एअर फिल्टर तेलकट होतो.

सर्व्हिसिंगला देण्याआधी ड्रेन बोल्टवरून केसिंगवर जाईल अशी पेंट मार्करची बारीक रेघ मारा. बोल्ट उघडला असेल तर रेघ तुटते. एअर फिल्टरच्या कडेला पेनाने तारीख घाला. तीच तारीख परत दिसली तर फिल्टर बदललेलाच नाही.

स्वतः ऑइल बदलताना काढलेलं ऑइल मापाच्या भांड्यात मोजा. मॅन्युअलमध्ये ९०० मिली लिहिलंय आणि निघालं ६००, तर मागच्या वेळी कमी भरलं होतं किंवा इंजिन ऑइल खातंय. ड्रेन बोल्टचा वायसर दर वेळी नवा लावा आणि बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कइतकाच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच, आवळा. ॲल्युमिनियमचे आटे जोर लावला की सुटतात.

पण गॅरेज टाळलं म्हणून फसवणूक टळत नाही, ती दुकानाच्या काउंटरवर भेटते. रिकाम्या बाटल्या गोळा करून भलतंच तेल भरून विकतात. झाकणाखालची फॉइल शाबूत आहे का, झाकणाची कडी आधीच तुटलेली आहे का, बॅच नंबर आणि तारखेत खाडाखोड आहे का, हे बघा. आपली बाटली रिकामी झाली की भोक पाडूनच फेका. गिअरवाल्या गाडीत क्लच ऑइलमध्येच भिजलेला असतो, म्हणून बाटलीवर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (अशा भिजलेल्या क्लचसाठीच्या ऑइलचा दर्जा) हवं. ‘एमबी’ किंवा कारसाठीचं ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ ऑइल अशा गाडीत घालू नका.

इथूनच दुसरी फसवणूक जन्म घेते. चुकीच्या ऑइलने क्लच घसरतो: वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडतं, पण वेग वाढत नाही. मेकॅनिक म्हणतो, ‘क्लच प्लेटा गेल्या.’ प्लेटांना हो म्हणण्याआधी लिव्हरच्या टोकाशी क्लच केबलची ढिलाई बघा (साधारण १० ते २० मिमी), मग योग्य ऑइल भरून थोडे दिवस गाडी चालवा. प्लेटा खरंच जळल्या असतील तर याने काही सुधारणार नाही, पण निदान खात्री होईल.

प्लगची युक्ती जुनीच: तारेच्या ब्रशने घासून तोच परत. वायसर चपटा झालेला आणि इलेक्ट्रोडच्या कडा गोल झालेल्या दिसल्या की समजा, वापरलेला आहे. बनावट नव्या प्लगमध्ये मधला इलेक्ट्रोड तिरका, आटे खरखरीत आणि वायसर सैल, हाताने निघणारा. रेझिस्टर प्लग (आत विद्युत रोध बसवलेला प्लग) असेल तर मल्टीमीटर वरच्या टोकाला आणि मधल्या इलेक्ट्रोडला लावा. साधारण ५ किलोओहम यायला हवं. शून्याच्या जवळ आलं तर आत रेझिस्टर नाहीच.

चेन सेटच्या शेऱ्यावर विश्वास ठेवण्याआधी चेन मोजा. ४२८ नंबरची चेन ताणून धरा आणि २० कड्या, म्हणजे पहिल्या पिनच्या मध्यापासून २१व्या पिनच्या मध्यापर्यंत मोजा. नवी २५४ मिमी भरते. २५९ च्या पुढे गेली तर खरंच संपली. दोन-तीन ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. मागच्या स्प्रॉकेटचे (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चकतीचे) दात हुकासारखे वळलेत का तेही बघा. माप ठीक आणि आवाज येतोय, तर बहुतेक वेळा चेन नुसती ढिली किंवा कोरडी असते. ढिलाई चेन सर्वांत घट्ट लागते त्या जागी तपासा. अनेक गाड्यांना २० ते ३० मिमी चालते.