‘फॉर द पीपल’ : काही महिने सातत्याने ऐकल्यानंतर

बॉस्टनच्या ड्रॉपकिक मर्फीज या सेल्टिक पंक (आयरिश लोकसंगीत आणि पंक रॉक यांचा मेळ घालणाऱ्या) बँडचा ‘फॉर द पीपल’ हा अल्बम 4 जुलै 2025 रोजी प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून तो माझ्या नित्याच्या ऐकण्यात आहे. 2022 आणि 2023 मधले त्यांचे दोन अल्बम अमेरिकन लोकगायक वुडी गथ्री यांनी लिहून ठेवलेल्या शब्दांवर बेतलेले आणि अकूस्टिक वाद्यांवर वाजवलेले होते. त्यामुळे इलेक्ट्रिक गिटारी आणि बॅगपाइप यांचा जुना दणका परत येणार का, याकडे चाहत्यांचे लक्ष होते. तो परत आला आहे.

या अल्बमवरून चाहत्यांमध्ये झालेला मोठा वाद मात्र वाद्यांविषयी नव्हता. ‘हूल स्टँड विथ अस?’ हे पहिलेच गाणे श्रमिकांची बाजू थेट मांडते, आणि मंचावरून ट्रम्पविरोधी भूमिका उघडपणे घेणाऱ्या, बँडचे गायक केन केसी यांच्यामुळे दुखावलेला श्रोतावर्ग ‘बँड आता राजकीय झाला’ अशी तक्रार करतो. ही तक्रार मला मुळीच पटत नाही. 1998 च्या पहिल्या पूर्ण अल्बममधले ‘बॉइज ऑन द डॉक्स’ हे गाणे केसींच्या आजोबांवर, म्हणजे गोदीकामगारांची संघटना बांधणाऱ्या माणसावर आहे. 2003 च्या ‘ब्लॅकआउट’मध्ये ‘वर्कर्स साँग’ आहे. जी गाणी गर्दीत हात उंचावून म्हटली, त्यांचे शब्द वीस-पंचवीस वर्षे कानाआड करून आज आश्चर्य वाटत असेल, तर त्याचा दोष बँडकडे जात नाही. या पहिल्या गाण्याविषयी माझा आक्षेप वेगळा आहे : त्यात घोषणा भरपूर आणि माणसे कमी आहेत, म्हणून मैफलीत ते पेटत असले तरी एकट्याने पुन्हा पुन्हा ऐकताना त्याची धार लवकर उतरते.

महिने उलटले तशी वर आली ती नात्यांची गाणी. केसींच्या आजोबांची आठवण जागवणारे ‘चेस्टरफिल्ड्स अँड आफ्टरशेव्ह’ सिगारेटचा एक ब्रँड आणि दाढीनंतरचा एक वास एवढ्याच सामग्रीवर अख्खा माणूस उभा करते, आणि माझ्या मते अल्बममधले सर्वांत सशक्त लेखन तेच आहे. ‘वन लास्ट गुडबाय’ ही नोव्हेंबर 2023 मध्ये निवर्तलेल्या शेन मॅकगोवन यांना वाहिलेली श्रद्धांजली आहे. द पोग्जच्या या गायकाने आयरिश लोकसंगीत आणि पंक यांची सांगड घालून जी वाट पाडली, तीवरूनच हा बँड चालत आला. शिवाय 2001 मध्ये मॅकगोवन यांनी त्यांच्या ‘गुड रॅट्स’ या गाण्याला स्वतःचा आवाजही दिला होता. म्हणून हा निरोप घरच्या माणसाला दिल्यासारखा वाटतो.

ब्रिटिश लोकगायक यूअन मॅकॉल यांच्या ‘स्कूल डेज ओव्हर’मध्ये बिली ब्रॅग केसींना साथ देतात. शाळा संपताच मुलाने खाणीत उतरायचे, एवढाच त्या गाण्याचा आशय; पण कामगार चळवळीची गाणी आयुष्यभर गाणारे ब्रॅग तो आशय कोणताही आव न आणता पोहोचवतात. आयर्लंडच्या द मेरी वॉलपर्स या लोकसंगीत बँडसोबतचे ‘बरी द बोन्स’ही चांगले जमले आहे.

एक उणीव सतत जाणवते. आजारी आईची शुश्रूषा करण्यासाठी 2022 मध्ये बँडपासून दूर झालेले सहगायक अल बार येथे ‘द व्हल्चर्स सर्कल हाय’ या एकाच गाण्यात येतात. त्यांचा खरखरीत आवाज आणि केसींचा आवाज एकमेकांवर आदळले, की या बँडची मूळ ताकद क्षणात समजते, आणि त्याच कारणाने उरलेल्या अल्बममध्ये एकाच आवाजावर पडलेला भार अधिक ऐकू येतो. बार यांच्या या एका गाण्यापुरत्या परतण्याने चाहत्यांना झालेला आनंद मी पूर्णपणे समजू शकतो. गजबजलेल्या गिटारींखाली अकॉर्डियन आणि टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी) काही ठिकाणी दबून जातात, हेही नोंदवले पाहिजे. साध्या इअरफोनवर तर ती जवळजवळ हरवतात, तेव्हा शक्य असल्यास चांगल्या स्पीकरवर ऐकावे.

बँडची ओळखच नसलेल्या श्रोत्याला मी आधी 2005 चा ‘द वॉरियर्स कोड’ ऐकण्यास सांगेन. जुन्या चाहत्यांनी मात्र, राजकीय मतभेद असले तरी, ‘चेस्टरफिल्ड्स अँड आफ्टरशेव्ह’पासून सुरुवात करून हा अल्बम अवश्य ऐकावा.