गोल्फ टूरचं कार्ड: अमेरिकेच्या दाराशी थांबायचं की युरोपातून वळसा घ्यायचा?

२०२६ च्या हंगामापासून पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या पुरुषांच्या मुख्य गोल्फ स्पर्धामालिकेवर, पूर्ण कार्ड (हंगामभर खेळायचा हक्क) राखणाऱ्यांची संख्या १२५ वरून १०० झाली. फेडेक्स कप या हंगामाच्या गुणयादीत १०१ ते १२५ क्रमांकांवर राहिलेल्यांना आता सशर्त प्रवेश मिळतो, म्हणजे वरच्यांनी जागा सोडली तरच खेळायला मिळणार. कॉर्न फेरी या खालच्या टूरवरून वर येणाऱ्यांची कार्डं ३० वरून २० झाली. क्यू-स्कूल या वर्षअखेरच्या पात्रता स्पर्धेतून पाचच जण वर जाणार, आणि पाचव्या जागेवर बरोबरी झाली तर प्लेऑफ (जादा होलची निर्णायक लढत) खेळावा लागणार. युरोपच्या डीपी वर्ल्ड टूरवरून मिळणारी दहा कार्डं मात्र तशीच राहिली. पुरुषांच्या व्यावसायिक गोल्फमध्ये पाय ठेवू पाहणाऱ्याने आपला रस्ता निवडताना हे शेवटचं वाक्य दोनदा वाचावं.

बदलामागचं कारण खोटं नव्हतं. स्पर्धेत १५६ जण असले की गुरुवारी आणि शुक्रवारी शेवटच्या गटांची फेरी अंधार पडायच्या आत संपत नसे. ती दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण करायची, मग पुढची फेरी. म्हणून बहुतेक स्पर्धांत कमाल १४४ आणि दिवस लहान असताना त्याहूनही कमी खेळाडू ठेवायचं ठरलं. जागा घटल्यावर कार्डंही घटवावी लागली, नाहीतर हातात कार्ड आणि खेळायला स्पर्धा नाही अशी गत आणखी वाढली असती. नव्या कार्डधारकांची तशी गत आधीही होतच होती. म्हणूनच मी म्हणतो, कार्डं मोजू नका, त्या कार्डावर वर्षभरात किती स्पर्धा खेळायला मिळतील ते मोजा. दोन्ही रस्त्यांची तुलना मी याच मापाने केली आहे.

अमेरिकेची क्यू-स्कूल हा सगळ्यांत सरळ दिसणारा रस्ता. २०१२ पर्यंत तिथून थेट पीजीए टूरचं कार्ड मिळायचं. मग दहा वर्षं ती फक्त खालच्या टूरची पायरी होऊन राहिली, आणि २०२३ मध्ये पहिल्या पाचांसाठी, बरोबरीत असलेल्यांसह, दार पुन्हा उघडलं. २०२४ मध्ये बरोबरीमुळे सहा जण आत गेले होते. आता तो सहावा बाहेर राहील. चार फेऱ्या, ७२ होल, आणि फ्लोरिडात डिसेंबरातला वारा. या चार दिवसांत वर्षभराच्या खेळाची पुण्याई कामी येत नाही, त्या आठवड्यात पुटर (चेंडू होलमध्ये ढकलायची काठी) चालला पाहिजे. पाच कार्डांच्या भरवशावर कुणी वर्षाचा बेत आखू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण जायचं नाही असं मात्र नाही. त्या पाचांच्या खालच्या चाळीसेक जणांना कॉर्न फेरी टूरवर ठरावीक स्पर्धांची हमी मिळते, आणि क्यू-स्कूलची खरी किंमत आता तीच आहे.

कॉर्न फेरी टूरवर पंचवीसेक स्पर्धांतून वीस जण निवडले जातात. वर्षभर टिकून खेळणाऱ्याला इथे न्याय मिळतो, एक वाईट आठवडा धुऊन काढता येतो. तीन स्पर्धा जिंकल्या तर हंगाम संपायची वाट न पाहता वर जाता येतं. तरी दोनच वर्षांपूर्वी ज्याला चोविसाव्या क्रमांकावर कार्ड मिळालं असतं, तो आज त्याच खेळावर आणखी एक वर्ष तिथेच काढणार. पैसा आणि मन, दोन्हींचा हिशेब त्यामुळे बदलतो.

त्याच आठवड्याच्या स्पर्धेत जागा देणाऱ्या सोमवारच्या पात्रता फेरीबद्दल मला जरा जास्त लिहावंसं वाटतं. एका दिवसात १८ होल, मोठी गर्दी, आणि आतापर्यंत साधारण चार जागा. नव्या नियमांत स्पर्धेतले खेळाडू कमी झाले की या जागाही दोनवर येतात, आणि सगळ्यांत कमी खेळाडूंच्या स्पर्धांत त्या नसतातच. २०१० मध्ये अर्जुन अटवालचं कार्ड नुकतंच गेलं होतं. सोमवारी पात्र ठरून तो विंडहॅम चँपियनशिपमध्ये उतरला आणि जिंकला. भारतात जन्मलेल्या खेळाडूचं पीजीए टूरवरचं ते पहिलं विजेतेपद. २०१९ मध्ये कोरी कॉनर्स टेक्सास ओपनच्या सोमवारी शेवटच्या एका जागेसाठी सहा जणांच्या प्लेऑफमध्ये उभा होता. ती जागा त्याने मिळवली, रविवारी करंडक उचलला आणि पुढच्या आठवड्यात मास्टर्स या मानाच्या स्पर्धेत उतरला. ही खिडकी अरुंद झाली याचं मला मनापासून वाईट वाटतं. खेळाच्या दारावर नाव न विचारता आत घेणारी ती एकच जागा होती. पण आज ठरवणाऱ्याने ती योजनेत धरू नये.

आता युरोप. डीपी वर्ल्ड टूरच्या क्यू-स्कूलची अंतिम फेरी स्पेनमध्ये तारागोनाजवळ होते. सहा फेऱ्या, १०८ होल, आणि वीस कार्डं. तिथेही आकडा पंचविसावरून खाली आलाय, तरी पाच आणि वीस यांतलं अंतर उघड आहे. सहा दिवस खेळल्यावर नशिबाचा वाटा थोडा कमी होतो, हेही माझ्या लेखी मोठं. उणी बाजू अशी की क्यू-स्कूलचं कार्ड प्राधान्यक्रमात खाली असतं. मोठ्या स्पर्धा मिळत नाहीत, प्रवास खंडाखंडांतून होतो आणि बक्षिसाची रक्कम अमेरिकेच्या जवळपासही नसते.

पण वर्षअखेरीला रेस टू दुबई या युरोपच्या गुणयादीत, आधीच पात्र असलेले वगळून, पहिले दहा अमेरिकेला जातात. २०२३ मध्ये मॅथ्यू पावोनने दुबईतल्या शेवटच्या फेरीत शेवटच्या चारही होलवर बर्डी (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) केली आणि त्या दहांत शिरला. दोन महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, तो फार्मर्स इन्शुरन्स ओपन जिंकला. त्याच तुकडीतला रॉबर्ट मॅकिंटायर त्या वर्षी वडिलांना कॅडी (बॅग सांभाळणारा साथी) म्हणून घेऊन कॅनेडियन ओपन जिंकला. या रस्त्याने येणारे तयार होऊन येतात, हे या दोघांवरून दिसतं.

अमेरिकी कॉलेजात खेळत असाल तर मात्र प्रश्नच वेगळा. पीजीए टूर युनिव्हर्सिटीच्या यादीत शेवटच्या वर्षी पहिला आलेल्याला थेट टूरचं कार्ड, आणि त्याच्या मागच्या नऊ जणांना कॉर्न फेरीचं. लुडविग ओबेरी २०२३ च्या जूनमध्ये असाच आला आणि सप्टेंबरअखेरीस रोममध्ये रायडर कप, म्हणजे युरोप-अमेरिकेची सांघिक लढत, खेळत होता. कॉलेज अर्धवट सोडून व्यावसायिक व्हायचा मोह होत असेल तर आवरा, या घडीला त्या यादीइतकं पक्कं दार दुसरं नाही.

एलआयव्ही या पीजीए टूरच्या प्रतिस्पर्धी लीगचा रस्ता मी तुलनेत धरत नाही. तिथे पात्रता स्पर्धेतून मोजक्याच जागा मिळतात, आणि तिकडे खेळलेल्याला पीजीए टूरचं दार काही काळ बंद होतं.

कॉलेजची यादी नसलेल्या बावीस-पंचवीस वर्षांच्या खेळाडूला मी आधी युरोप सांगेन. अमेरिकेत आधी कार्ड होतं, घरही तिथेच आहे, अशा तिशी ओलांडलेल्याने कॉर्न फेरीच धरावी. नव्याने खंड बदलण्यात त्याची दोन वर्षं जातील.

तारखाही बघून ठेवा. तारागोनाची फेरी नोव्हेंबरच्या मध्याला संपते आणि युरोपचा नवा हंगाम त्याच महिन्यात ऑस्ट्रेलिया-दक्षिण आफ्रिकेकडे सुरू होतो. अमेरिकेची अंतिम फेरी डिसेंबरात. युरोपचं कार्ड हातात पडलं तर फ्लोरिडाच्या पाच कार्डांसाठी त्या सुरुवातीच्या स्पर्धा सोडू नका. पुढे प्राधान्यक्रमाची फेरमांडणी होते तेव्हा तिथे मिळवलेले गुणच कामी येतात, आणि वर सरकलेल्यालाच उन्हाळ्यातल्या मोठ्या स्पर्धांत जागा मिळते.