सिनेमाचे कपडे की स्वतःचं लेबल?

भाची विचारते, "मावशी, सिनेमासाठी कपडे करू की स्वतःचं लेबल, म्हणजे कपड्यांचा ब्रँड, काढू?"

सिनेमात पैसा निर्मात्याचा. कोल्हापूरच्या भानू अथैयांनी असंच काम करत शंभरावर चित्रपट केले, 'गांधी'साठी 1983 मध्ये ऑस्कर मिळवलं. लेबलला पदरचे पैसे लागतात. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स मस्कतच्या नोकरीतली बचत घेऊन फॅशन शिकायला गेले.

मोकळीक? सिनेमात पात्र ठरवतं; शेतकऱ्याचं धोतर विटकंच दिसायला हवं. लेबलमध्ये सगळं आपल्या मनाचं. वेंडेलनी गोव्याची लाल चौकड्यांची कुणबी साडी पुन्हा मागावर आणली, हे मला फार मोलाचं वाटतं. पण न खपलेला माल आपल्याच कपाटात राहतो.

गोष्टीत रमत असशील, तर सिनेमा. कापडाचाच ध्यास असेल आणि दोन वर्षं तोटा सोसता येणार असेल, तर लेबल.