खोली धरून आवरायचं की जिन्नस धरून?

मे महिना, मुलांना सुट्टी, माळ्यावरचं खाली काढायचं घरात एकदाचं ठरलेलं. आता एवढंच ठरवायचं आहे की आज बाहेरची खोली, उद्या आतली, परवा स्वयंपाकघर असं खोलीखोलीने जायचं, की आज घरभरच्या चादरी, उद्या कागद, परवा भांडी असं जिन्नसवारीने जायचं. टाकायचं काय आणि ठेवायचं काय याची तत्त्वं सगळ्यांना माहीत असतात. अडतं ते क्रमावर, आणि एकदा निवडलेला क्रम मध्येच बदलला तर दोन्हीकडचा पसारा अंगावर येतो.

आधी खोलीवारीच्या बाजूने. सोलापूरच्या पूर्व भागातलं दोन खोल्यांचं घर असेल, त्यातल्या एका खोलीत माग किंवा शिलाईचं मशीन असेल, तर दुसरा विचारच करू नये. जिन्नसवारीला जमीन लागते. सगळ्या घरच्या साड्या एका जागी ओतायच्या तर किमान दहा बाय दहाची मोकळी फरशी हवी, आणि रात्री तिथेच अंथरूण पडायचं असेल तर ढीग अर्धवट गोळा करून पुन्हा कपाटात कोंबला जातो. खोलीवारीत तसं होत नाही. एक फळी काढली, पुसली, लावली, उद्या पुढची. दोघंही नोकरीवर असतील आणि हातात फक्त रविवारची सकाळ असेल तरीही हीच रीत परवडते.

तिचा आणखी एक गुण लोक विसरतात. खोली धरून आवरताना वस्तू कुणाची हे आपोआप कळतं. आजींच्या खोलीतली ट्रंक आजींची. ती त्यांच्या हातून उघडली जाते आणि निर्णयही त्यांचाच राहतो. जिन्नसवारीत सगळ्यांच्या चादरी एका ढिगात आल्या की मालकी पुसली जाते. सून म्हणते ही जुनी, सासूबाई म्हणतात ही माझ्या माहेरची, आणि काम तिथेच थांबतं. एकत्र कुटुंबात ही अडचण लहान नाही. ढीग करण्याआधी ज्याच्या त्याच्या गठ्ठ्याला वेगळ्या रंगाच्या सुताने बांधून घेतलं तर बरीचशी टळते, पण पूर्ण टळते असं म्हणता येणार नाही.

इतकं असूनही माझं पारडं दुसरीकडे झुकतं, ते एका त्रासामुळे. सोलापूरच्या घरात तो त्रास चादरीच्या रूपानेच येतो.

आपल्याकडे चादर विकत कमी आणि देण्याघेण्यात जास्त येते. लग्नाचा आहेर, वास्तुशांत, निवृत्तीचा सत्कार, कुठल्या कार्यक्रमाला पाहुणे म्हणून गेलं तर चादर नाहीतर टॉवेल. अशी आलेली चादर ज्या खोलीत जागा दिसेल तिथे जाते. मग ती चार ठिकाणी भेटते: लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, दिवाणाच्या पेटीत, ट्रंकेत आणि माळ्यावर गादीच्या वळकटीत. खोली धरून आवरणारा माणूस कपाट उघडतो, त्यात सहा दिसतात, सहा काही जास्त नाहीत म्हणून ठेवतो. दोन दिवसांनी दिवाण उघडतो, त्यात सात, त्याही चांगल्याच. आठवड्याने ट्रंक. प्रत्येक खोलीतला निर्णय त्या खोलीपुरता बरोबर असतो आणि घराच्या हिशेबात चूक. महिनाभर राबून झाल्यावर पाच माणसांच्या घरात तीसेक चादरी राहतात, आणि एकही जास्त आहे असं कुठल्याच क्षणी वाटलेलं नसतं.

याच रीतीतून दुसरी कटकट निघते. प्रत्येक खोलीतून ‘इथलं नाही’ अशा वस्तूंची एक पाटी तयार होते: बाहेरच्या खोलीतला पाना, आतल्या खोलीत सापडलेला झारा, औषधाची अर्धी पट्टी, चार्जरची वायर. पाटी पुढच्या खोलीत जाते, तिथली भर घेऊन त्याच्याही पुढे, आणि जी खोली शेवटी ठेवलेली असते तिथे येऊन बसते. बहुतेक घरांत ती वडीलधाऱ्यांची खोली असते. घर आवरून झालं म्हणतात तेव्हा त्यांच्या कॉटखाली सरकवायला जागा नसते. मोजून कुणी पाहिलेलं नाही, पण खोलीवारीने आवरलेलं घर दिवाळीपर्यंत पुन्हा भरलेलं दिसतं त्याचं मूळ मला या पाटीत दिसतं.

चादरीचा दिवस जिन्नसवारीने कसा करायचा ते नीट सांगतो, कारण बाकीचे जिन्नस याच वळणाने जातात.

सकाळी सहाला सुरुवात करा. अकरानंतर गच्चीवर पाय ठेवता येत नाही. आदल्या संध्याकाळी चारही ठिकाणच्या चादरी, सोलापुरी, साध्या, पलंगपोस, सगळ्या खाली काढून एका जागी आणा, आणि उघडायच्या आधी फक्त मोजा. आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहा. मग हिशेब करा. पाच माणसं, माणशी दोन, एक वापरात आणि एक धुण्यात, म्हणजे दहा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारठा पडतो त्यासाठी जाड तीन. पाहुण्यांच्या चादरी पाहुण्यांवर मोजू नका, घरात गाद्या किती पसरता येतात त्यावर मोजा. सहा गाद्या तर सहा. कुरडया-पापडाच्या वाळवणाला जुन्या दोन. झाल्या एकवीस. आहेरासाठी न वापरलेल्या चार बाजूला. यापलीकडचं सगळं जायचं.

कोणत्या जायच्या हे अंदाजाने ठरवू नये. दोघांनी चार कोपरे धरून चादर उजेडासमोर ताणायची. चादर आधी मधोमध विरते, काठाला नाही, त्यामुळे घडी घातलेली चादर नेहमी चांगलीच दिसते. मधून उजेड आला तर ती पांघरायची राहिलेली नाही. तिचं पायपुसणं होईल किंवा स्कूटरवर टाकायला जाईल. वाकळेत मात्र जाड चादर भरू नका. भिजली की ती वाकळ एकट्या बाईला उचलत नाही, आणि मधला थर वाळत नसल्यामुळे कुबट वास धरते. वाकळेला जुन्या सुती साड्या आणि धोतरंच बरी.

राहिलेल्या चादरी दोरीवर उलट्या बाजूने टाका म्हणजे रंग उडत नाही. तीन तास ऊन पुरे. सावलीत गार होऊ द्या आणि मगच घडी घाला. तापलेली चादर तशीच दिवाणात बंद केली तर आत दमटपणा साचतो. आहेराच्या कोऱ्या चादरींना प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढा. सप्टेंबरच्या पावसात त्या पिशवीत ओल अडकते आणि घडीवर पिवळी रेघ उमटते, मग ती चादर द्यायच्या कामाची राहत नाही. जुन्या सुती साडीत गुंडाळून ठेवा. ट्रंकेत ठेवायच्या असतील तर तळाशी जाड कापड हवं, कारण पत्र्याच्या गंजाचा डाग घरच्या धुण्याने निघत नाही.

कागदांच्या बाबतीत तर खोलीवारी मला धोक्याचीच वाटते. कागद देवघराच्या खणात असतो, कपाटाच्या लॉकरमध्ये असतो, आजोबांच्या बॅगेत असतो, आणि एका खोलीत सापडलेला सुटा कागद निरर्थक वाटतो. सगळे एकत्र आले की त्याचा जोड कळतो. शुक्रवार पेठ, साखर पेठेतल्या जुन्या घरांत आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला कधी मोडी लिपीत, कधी कन्नड, तेलुगू किंवा उर्दूत निघतो, आणि वाचता येत नाही म्हणून रद्दीत जातो. जात पडताळणीत हाच कागद कामाला येतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा पुरावा असेल तर नातवंडांचं काम सोपं होतं. तेव्हा १९६७ आधीचा कुठलाही कागद, वाचता आला नाही तरी, टाकायचा नाही. खरेदीखत, वाटणीपत्र, मिळकत पत्रिका, जन्म-मृत्यूचे दाखले हेही कायमचे. दुकानातली गुळगुळीत छापील बिलं इकडच्या उन्हाळ्यात लवकर कोरी पडतात. वॉरंटीची तेवढी झेरॉक्स काढून बाकीची काढून टाका. आणि कागद माळ्यावर परत चढवू नका, भिंतीतून वाळवी तिथेही पोहोचते.

पाण्याच्या भांड्यांचा जिन्नस दुसऱ्या गावच्या सल्ल्यात सापडणार नाही, पण आपल्याकडे तो मोठा आहे. काही दिवसांआड नळ येतो त्यामुळे न्हाणीघर, अंगण, जिना, गच्ची सगळीकडे पिंपं, घागरी, हंडे, रंगाचे रिकामे डबे भरून ठेवलेले असतात. खोली धरून गेलात तर प्रत्येक भांडं गरजेचंच ठरतं. एकत्र मोजताना भांडी मोजू नका, लिटर मोजा. माणशी रोज ७० लिटर धरलं तर पाच माणसांना चार दिवसांचे १४०० लिटर. एक हजाराची टाकी आणि दोनशे लिटरची दोन पिंपं एवढ्यात ते बसतं, शिवाय पिण्याच्या पाण्याला दोन हंडे. टाकी नसेल तर तेवढीच पिंपं. उरलेली बारकी भांडी अडचण तर करतातच, वर डेंगीचा डासही तिथेच वाढतो. त्याची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत, आठवड्यातून एकदा काथ्याने घासावं लागतं. एक टाकी आणि दोन पिंपं घासणं जमतं. सतरा भांडी कुणी घासत नाही.

स्वयंपाकघर मात्र खोली म्हणूनच आवरा. तिथल्या वस्तू तिथून हलत नाहीत, डबे-मसाल्यांची फळी फळीनेच बघावी लागते, आणि दोन वेळचा स्वयंपाक थांबवता येत नाही. ज्वारीच्या कोठीला अडगळ समजू नका. सुगीला वर्षाची ज्वारी भरणाऱ्या घरात तिची जागा आधी ठरते, बाकीच्यांची नंतर. माळ्यावरची पितळेची आणि तांब्याची भांडी मात्र जिन्नस म्हणून एकत्र खाली काढा. मोडीत द्यायची असतील तर पितळ, तांबं, कासं आणि जर्मन (म्हणजे ॲल्युमिनियम) वेगवेगळं करूनच न्या. एकत्र टाकलं की तोलात सगळ्यालाच स्वस्त धातूचा भाव लागतो. कासं ओळखायला भांडं बोटांवर तोलून टिचकी मारा, नाद लांब रेंगाळतो. पितळेचा लवकर बसतो.

जिन्नसवारी फसते ती बहुधा जिन्नस फार मोठा घेतल्यामुळे. ‘कपडे’ हा एका दिवसाचा जिन्नस नाही. साड्या वेगळ्या दिवशी, मुलांचे गणवेश वेगळ्या, पुरुषांचे वेगळ्या. दुपारी चारपर्यंत संपणार नाही एवढा ढीग सकाळी काढूच नका. जरीच्या साड्या निघाल्याच आहेत तर घडी मोडून उलटी घाला, नाहीतर जर त्याच रेघेवर तुटते, आणि डांबराची गोळी जरीला थेट लागू देऊ नका. फोटो, पत्रं, बाळंतविडे असले जिन्नस अगदी शेवटी. त्यांच्यापासून सुरुवात करणारं घर पहिल्याच दुपारी बसून जातं.

जुळे सोलापूर, विजापूर रोडकडच्या नव्या सदनिकेत तीन-चार माणसं राहत असतील आणि माळे कमी असतील तर खोलीवारीने फार बिघडणार नाही. तरी तेवढ्या चादरी आणि कागद आधी जिन्नस म्हणून करून घ्यावेत असं सुचवेन. पेठेतला जुना वाडा, तीन पिढ्या आणि दोन माळे असतील तर निदान पहिले चार दिवस जिन्नसवारीला द्या. चादरी, मग पाण्याची भांडी, मग माळ्यावरची पितळ-तांब्याची, मग कागद.  जे जायचं ते रोज संध्याकाळी घराबाहेर पडलं पाहिजे. वर्तमानपत्रं, वह्या आणि पुठ्ठा यांना रद्दीवाला वेगळा भाव देतो म्हणून तीन गठ्ठे आधी बांधून ठेवा आणि काटा त्याचा असला तरी एकदा घरच्या वजनकाट्यावर गठ्ठा हातात घेऊन आणि न घेता उभं राहून फरक बघून ठेवा. सहापर्यंत तो आला नाही तर गठ्ठे जिन्याखाली ठेवू नका, दुसऱ्या दिवशीचा जिन्नस उघडायच्या आधी स्वतः दुकानावर नेऊन द्या.