वाका सांगून कासा विकतात! सिडनीत कावा घेणाऱ्यांनी हे वाचा

गेल्या हिवाळ्यात आमच्या पाच-सहा घरांना कावाच्या नावाखाली व्यवस्थित चुना लावण्यात आला. रक्कम फार मोठी नव्हती, पण ज्या सफाईने हे केलं गेलं ते पाहता तो माणूस रोज कुणाला ना कुणाला टोपी घालत असणार. म्हणून सगळं खुलासेवार लिहितो आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपली मिरी आणि विड्याचं पान ज्या वंशातले, त्याच वंशातलं कावा हे झुडूप. फिजी, टोंगा, व्हानुआटू या बेटांवर त्याचं मूळ वाळवून, कुटून, गार पाण्यात मळून पितात. दारूशी त्याचा संबंध नाही. चव मातकट आणि कडू. पहिल्या घोटानंतर जीभ आणि ओठ बधिर होतात, मग खांदे सैल पडतात, आवाज खाली येतो आणि गप्पांना बूड येतं. ऑस्ट्रेलियात पूर्वी कावा फक्त प्रवाशाच्या सामानातून यायचा, तोही माणशी दोन किलो. डिसेंबर 2019 पासून ती मर्यादा चार किलो झाली आणि डिसेंबर 2021 पासून अन्न म्हणून व्यापारी आयात सुरू झाली. तेव्हापासून सिडनीच्या लिव्हरपूल उपनगरातल्या फिजी-इंडियन दुकानांत तो उघडपणे मिळतो.

मला त्याची गोडी लागली ती तिथल्याच एका गॅरेजमध्ये. माझ्या ऑफिसातला एक सहकारी मूळचा फिजीतल्या लौटोकाचा. त्याच्या घरी मंगळवारी रामायण मंडळी जमते. ढोलक-हार्मोनियम आवरलं की पुरुष मंडळी गॅरेजमध्ये चटईवर बसतात आणि मध्ये प्लास्टिकचं मोठं टब येतं. फिजीतल्या गावात तानोआ, म्हणजे कावा मळायचं लाकडी भांडं असतं, शहरात टबच. हे लोक कावाला 'ग्रॉग' म्हणतात. पूड फडक्यात बांधून पाण्यात पिळत राहायची, पाणी गढूळ तपकिरी झालं की नारळाच्या करवंटीतून, म्हणजे बिलोतून, एकेकाला द्यायचं. घेणाऱ्याने एक टाळी वाजवायची, एका दमात प्यायचं, करवंटी परत देऊन तीन टाळ्या. वर चिमूटभर भुजिया किंवा एखादी गोळी, तोंडाची चव घालवायला. मोठ्या शहरात शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं, आणि इथे रात्री अकरापर्यंत अनोळखी माणसं एकमेकांच्या आजोबांच्या गोष्टी ऐकत बसतात. कुणाचे पणजोबा गिरमिटात, म्हणजे करारावरचे मजूर म्हणून, ऊस तोडायला गेले, कुणाची आजी कुठल्या जहाजातून उतरली. मला तर त्या बैठकीचंच व्यसन लागलं म्हणायला हरकत नाही.

आता फसवणूक नेमकी कुठे होते ते. कावाच्या झाडाचे भाग वेगवेगळ्या भावाने विकले जातात. बाजूला पसरणाऱ्या बारीक मुळ्या म्हणजे 'वाका', सर्वांत कडक आणि महाग. बुंध्याखालचा जाड गड्डा म्हणजे 'लेवेना', जरा सौम्य. आणि मुळाच्या वरचा खोडाकडचा भाग म्हणजे 'कासा', सर्वांत स्वस्त. झाडाच्या पानांत आणि खोडाच्या सालीत पायपरमेथिस्टिन नावाचा, अपायकारक असल्याचा संशय असलेला अल्कलॉइड असतो, जो सोललेल्या मुळात जवळजवळ नसतो. म्हणूनच इथल्या अन्न नियमांत कावा म्हणजे सोललेलं मूळ किंवा गड्डाच, तोही 'नोबल' म्हणजे पिण्यासाठी परंपरेने चांगल्या मानलेल्या जातीचा, आणि गार पाण्यातला. पण एकदा दळून पूड केली की वाका, लेवेना आणि कासा डोळ्यांना सारखेच दिसतात. सगळा धंदा त्या पुडीवर चालतो.

एका मित्राची बदली मेलबर्नला झाली होती आणि त्याच्या निरोपासाठी आम्हाला बरीच पूड हवी होती. ऑनलाइन जाहिरात दिसली: कंदावू बेटावरचा वाका, थेट गावातून, दुकानापेक्षा किलोमागे चाळीस डॉलर कमी. फोनवर माणूस अगदी गोड. "विकत घेऊ नका, आधी पिऊन बघा," म्हणाला आणि शनिवारी स्वतः आमच्याकडे आला. येताना फडकं, टब, बिलो सगळं त्याचंच. आमच्या समोर पूड काढली, मळली, पहिली करवंटी स्वतः प्यायला. कावा फक्कड होता, जीभ लगेच बधिर. मामा दर दोन-तीन महिन्यांनी बॅगेतून आणतात, गावात स्वतःची लागवड आहे, चक्रीवादळ विन्स्टनने 2016 मध्ये सगळं झोपवलं होतं ते पुन्हा कसं उभं केलं, असं रंगवून सांगत होता. ते वादळ खरंच आलं होतं आणि फिजीतल्या कावाचं त्यात मोठं नुकसान झालं होतं, त्यामुळे बाकीचंही खरं वाटावं अशी मांडणी होती.

इथे एक गोष्ट बघा. मळायची पूड त्याने एका उघड्या डब्यातून काढली आणि विकायची पाकिटं गाडीत होती, सील केलेली. पैसे पेआयडीने, म्हणजे फोनवरून थेट बँकखात्यात, आधी, पाकिटं नंतर, आणि लगेच "मुलीला क्लासवरून आणायचंय" म्हणून निघाला.

निरोपाच्या दिवशी त्या पाकिटांतली पूड मळायला घेतली तेव्हाच हाताला फरक कळला. चांगली पूड मळली की फडक्यात लाकडी, चरबरीत चोथा उरतो. इथे फडक्याला खळीसारखा चिकट थर बसला आणि पाणी आत जाईना. प्यायल्यावर जीभ जशीच्या तशी. दुप्पट घातली तेव्हा किंचित गुंगी आली, पण सोबत मळमळ आणि डोकेदुखी, आणि दोघांना दुसरा दिवस अंथरुणात काढावा लागला.

आमच्यातल्या एकाने शाळेत शिकलेला प्रयोग केला. पुडीवर आयोडीनचा थेंब टाकला, ते निळंकाळं झालं, आणि "पीठ मिसळलंय, पुरावा मिळाला" म्हणून नाचायला लागला. हा पुरावा काही कामाचा नाही. वाळलेल्या कावाच्या मुळातच साधारण चाळीस टक्क्यांवर स्टार्च असतो, त्यामुळे अस्सल वाकाही आयोडीनने निळाच होणार. कुणी हा प्रयोग दाखवून भेसळ 'सिद्ध' करत असेल, किंवा उलट आपला माल शुद्ध म्हणून मिरवत असेल, तर दोघांकडेही दुर्लक्ष करा.

खरा निकाल दिला सहकाऱ्याच्या वडिलांनी. काकांनी चिमूट तोंडात टाकली, जरा चघळली, थुंकली आणि म्हणाले, "ई तो कासा है, भइया. और मैदा भी." मग माझ्याकडून विक्रेत्याची सगळी कथा ऐकून त्यांना हसू आवरेना. ज्याचा मामा बॅगेतून कावा आणतो त्याच्याकडे विकायला इतका माल येतो कुठून? सामानातून आणलेले चार किलो स्वतःच्या वापरासाठी असतात, विकायला नव्हे. व्यापारासाठी आणायचा तर परवाना लागतो. म्हणजे ज्या गोष्टीवर गिऱ्हाईक भुलतं, तीच खरी असेल तर बेकायदा आणि खोटी असेल तर फसवणूक.

विक्रेत्याला फोन केला तर आधी "तुम्हाला मळता येत नाही, पाणी गरम असेल" हा पाढा. मग "पैसे देतो, पाकिटं परत पाठवा", आणि मग ब्लॉक. बँकेने तक्रार नोंदवली, पण स्वतःहून पाठवलेले पैसे परत येणं कठीण आहे हेही सांगितलं. स्कॅमवॉच या फसवणूक नोंदवायच्या सरकारी साइटवर माहिती दिली आणि पाकिटांचे फोटो एनएसडब्ल्यू फूड ऑथॉरिटीला, म्हणजे न्यू साउथ वेल्स राज्याच्या अन्न खात्याला, पाठवले. पाकिटावर पुरवठादाराचं नाव नाही, पत्ता नाही, 'माफक प्रमाणात घ्या' आणि 'झोप येऊ शकते' या इथल्या नियमाच्या दोन सूचनाही नाहीत. फक्त ठसठशीत अक्षरांत 'हंड्रेड परसेंट वाका'.

आता आम्ही दुकानातून शक्यतो अख्ख्या मुळ्या घेतो आणि तिथेच दळून घेतो. वेळ लागतो, आवाज होतो, पण बारीक मुळी आणि खोडाचा तुकडा डोळ्यांनी ओळखता येतो. पूडच घ्यायची असेल तर जे पाकीट घरी न्यायचंय तेच फोडून त्यातला चमचाभर गार पाण्यात मळून प्यायचा. दोन मिनिटांत जीभ बधिर झाली नाही तर पाकीट तिथेच ठेवायचं. आणि अस्सल मिळाला तरी बिअरबरोबर नको, यकृताचा त्रास किंवा त्याची औषधं चालू असतील तर मुळीच नको, आणि पिऊन गाडी चालवायची नाही.

तो माणूस अजून धंद्यात आहे. नाव बदललंय, बेट बदललंय, आता माल तवेउनीचा आहे, पण निळ्या ताडपत्रीवर वाळत घातलेल्या मुळ्यांचा फोटो तोच. मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीने त्याला विचारलं, "सील पाकीट माझ्यासमोर फोडून मळाल का?" त्याने मेसेज वाचला आणि जाहिरात काढून टाकली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा लागली होती, या वेळी किलोमागे आणखी दहा डॉलर कमी करून.